एकशे सतराची सावड

गेल्या वर्षी आमच्या कंपनीच्या बक्षीस समारंभात 'पारूबाई' असं नाव पुकारलं आणि तीन बायका उठल्या. ही गोष्ट तालुकाभर झाली. शहापूरच्या बाजारात एका भाजीवालीने ती मलाच सांगितली, आणि तिच्या सांगण्यात तीनच्या तेरा झाल्या होत्या. ऐकीव गोष्टीला तिखटमीठ लागायचंच. पण हजेरी जिच्या हातात होती तिनेही एकदा नीट सांगावं म्हणून मी सांगते. हजेरी माझ्या हातात होती. मी रंजिता, कंपनीच्या टाइम ऑफिसात बसते.

डोळखांबच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून आमचा पाडा आहे. बत्तीस घरं, भाताची खाचरं, वरकस जमिनीत थोडी नाचणी. पाड्यातली पहिली बारावी पास मुलगी मी. हे मी स्वतःहून सांगत नाही, माझे बाबा कमळू भेटेल त्याला सांगतात. एसटीच्या कंडक्टरला तर दोनदा सांगून झालं आहे, आणि त्याने दोन्ही वेळा तिकीट पूर्णच फाडलं.

तीन वर्षांपूर्वी खाली रस्त्याकडेच्या माळावर कंपनी आली. आमच्याकडे कुठल्याही कारखान्याला कंपनीच म्हणतात, मग आत काहीही बनो. ह्या कंपनीत गॅसच्या शेगडीची बटणं बनतात. बटणात स्प्रिंग घालायची, वर चकती दाबायची, दोनदा फिरवून बघायचं आणि ट्रेमध्ये ठेवायचं. एका बाईने दिवसाला पाचशे. काम करणाऱ्या निम्म्या बायकांच्या घरी तेव्हा चूल पेटत होती, पण बटण अडकतंय की सरकतंय हे त्यांच्या बोटांना जेवढं कळायचं तेवढं तपासणाऱ्या यंत्रालाही कळत नसे.

कंपनी आली आणि पाड्याची तऱ्हाच बदलली. सकाळी सातचा भोंगा डोंगरावर आपटून दोनदा ऐकू यायचा, म्हणून सुरुवातीला लोकांना वाटलं की कंपनी एकदा खोटा वाजवते आणि एकदा खरा. कोंबडा आरवला तर आरवला, कोणी लक्ष देईना. लहान पोरं दुपारच्या झोपेला सेकंड शिफ्ट म्हणायला लागली. पारूवहिनीचा नवरा सुनिलदादा चाळिशीत भाकरी थापायला शिकला. ती भाकरी कुत्र्यानेही हुंगून सोडली, पण शिकला हे महत्त्वाचं.

खरं कौतुक मात्र वेगळ्याच गोष्टीचं होतं. दिवाळी झाली की आमची निम्मी घरं कुलपं लावून भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची. माणसं, कोंबड्या, भांडी सगळं एका टेम्पोत. पावसाळ्याच्या तोंडावर परत यायची तेव्हा पोरांच्या शाळेचं वर्ष गेलेलं असायचं. ज्या घरात कंपनीचं कार्ड, ते घर भट्टीवर जाणार नाही, असा नवा हिशोब पाड्याने मांडला. आणि पाड्यातलं पहिलं कार्ड पारूवहिनीला मिळालं. कार्ड नंबर एकशे सतरा.

आता सावडीचं सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

सावड म्हणजे आज तुमच्या खाचरात आमच्या घरचं माणूस, उद्या आमच्या खाचरात तुमच्या घरचं. मजुरी नाही, लिहिणं नाही. कोण आलं हेही कोणी बघत नाही. सासू आली, सून आली, पाहुणी आलेली नणंद आली, तरी चालतं. घरचं एक माणूस यायला हवं, बस. ते येतंच. आमच्या बांधावर कधी हजेरी झाली नाही आणि कधी कोणाची जागा रिकामीही राहिली नाही. पारूवहिनी, तिच्या शेजारची रखमीवहिनी आणि पलीकडच्या गुणाकाकी, ह्या तीन घरांची सावड माझ्या जन्माच्या आधीपासूनची. तिघींच्या अंगणात आंबा एकच. तो कोणाचा, हे अजून ठरलेलं नाही.

पारूवहिनी कामाला लागली आणि दीड महिन्यात आवणी आली. भाताची रोपं लावायचे दिवस. त्या आठवड्यात एक दिवस मी गेटवर बसले होते. बायका एकेक करून यंत्रात कार्ड घालत होत्या. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, अंगात निळा कोट, त्यामुळे सगळ्या सारख्याच. एकशे सतरा नंबर पडला आणि मी वर पाहिलं तर डोळे रखमीवहिनीचे.

"रखमीवहिनी, तू इकडं कुठं?"

"पारूची आवणी हाय आज. तिच्या जागी मी आले. उद्या ती माझ्याकडं."

"बरं," मी म्हटलं आणि पुढचं कार्ड बघितलं.

आज हे सांगताना मला माझंच हसू येतं. कंपनीने मला खुर्ची, संगणक आणि मान हलवणारा पंखा दिला होता तो ह्याच कामासाठी, की कार्ड ज्याचं तोच माणूस आत जातोय ना हे बघ. आणि मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. घरचं माणूस आलं होतं. मी हजर लिहिलं.

चार दिवसांनी ओमकार सरांनी नियमांचा कागद दिला. ओमकार सर डोंबिवलीचे, वय अठ्ठावीस, कामगारांचं सगळं त्यांच्याकडे. माणूस चांगला. फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'क्लिअर?' असं विचारायची सवय. त्यांनी तो कागद मला बायकांपुढे मोठ्याने वाचायला लावला. नववा नियम असा होता. 'आपले कार्ड दुसऱ्या व्यक्तीस देणे हा गंभीर गुन्हा समजून कामावरून कमी करण्यात येईल.'

समोर गुणाकाकी बसल्या होत्या. त्यांचं कंपनीत नाव नव्हतं. त्या दिवशी त्या पारू होत्या. त्यांनी सगळ्यांबरोबर मान डोलावली.

संध्याकाळी मी धावत पारूवहिनीच्या अंगणात गेले. ती आंब्याखाली तांदूळ पाखडत होती.

"वहिनी, नववा नियम ऐकलास का? कार्ड दुसऱ्याला द्यायचं नाय. कामावरून काढतील."

"मी कुठं दुसऱ्याला दिलं?"

"रखमीवहिनीला दिलंस. काकीला दिलंस."

"मंग रखमी काय दुसरी हाय?" तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वाईट बोलले. "दुसऱ्याला मी द्यायची नाय गो. मी काय येडी हाय?"

आमच्या बोलीत दुसरा म्हणजे परका, पाड्याबाहेरचा, ज्याच्याशी सावड नाही तो. नियम लिहिणाऱ्याच्या मनात दुसरी व्यक्ती म्हणजे पारू सोडून सगळं जग. दोघं एकच शब्द बोलत होते आणि मी मध्ये बसले होते. खरं तर मी सरांना सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर एकशे सतरा जाणार, आणि दिवाळीनंतर पारूवहिनीचं घर पुन्हा टेम्पोत बसणार. तिची मुलगी रंजन तेव्हा चौथीत होती आणि पहिल्यांदाच सलग एका शाळेत वर्ष काढणार होती. मी गप्प बसले. भीती वाटत होती, पण गप्प बसले.

आणि मग जो काही प्रकार सुरू झाला, त्याचं मला आजही कौतुक आहे. आवणीत रखमी गेली, पारूच्या भावाच्या लग्नात गुणाकाकी गेल्या, पारूला हिवताप झाला तेव्हा दोघी आलटून पालटून गेल्या. कार्ड सांभाळायला त्या वर्षी रखमी आणि काकीही भट्टीवर गेल्या नव्हत्या. पौषात म्हशाच्या जत्रेला तिघींनाही जायचं होतं. तेव्हा आंब्याखाली बैठक बसली आणि ठरलं की काकीला घोंगडी घ्यायचीय म्हणून काकी आणि रखमी जातील, पारू कामावर जाईल, आणि पारूला येताना खाजा आणतील. कार्ड पारूचं, आणि ती स्वतः कामावर गेली ते जणू उपकार म्हणून. कार्ड ओसरीतल्या खुंटीला टांगलेलं असायचं, विळ्याशेजारी. ज्या घराला विळा लागेल ते विळा न्यायचं, आणि पारूला दिवस लागेल तेव्हा एकीनं कार्ड न्यायचं.

कामात फरक म्हणाल तर शून्य. तिघींचीही बोटं सारखीच सरावलेली. उलट एकशे सतराच्या ट्रेमधून एकही बटण परत आलं नाही. ओमकार सर एकदा मला म्हणाले, "ही पारूबाई कमाल आहे. काही दिवस डाव्या हाताने काम करते, काही दिवस उजव्या." गुणाकाकी डावखुऱ्या आहेत. मी म्हटलं, "हो सर, आमच्याकडे असतं तसं." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भरदुपार झाली होती.

वर्ष भरलं. मे महिन्यात कंपनीचा वाढदिवस होता. मांडव घातला, मोठे शेठ मुंबईहून आले. ऐंशीच्या घरातले, कानात यंत्र, पायात साध्या चपला. वर्षभर एकही खाडा न करणाऱ्या कामगाराला बक्षीस होतं, दोन बर्नरची गॅसची शेगडी, अर्थात आमचीच बटणं लावलेली. आणि त्याबरोबर नोकरी पक्की झाल्याचं पत्र. अडीचशे माणसांत असा कामगार एकच निघाला. तीनशे बारा दिवसांपैकी तीनशे बारा दिवस हजर. यादी मीच छापून दिली होती.

शेगडी घ्यायची म्हणून त्या दिवशी तिघीही आल्या होत्या. नवीन लुगडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. गेटवाल्याने विचारलं तेव्हा काकींनी त्याला 'आमी पारूबाईच्या' असं सांगितलं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

"पारूबाई," ओमकार सरांनी माइकवर पुकारलं.

तिघी उठल्या. कोणी कोणाकडे बघितलंही नाही. वर्षभर ते नाव ऐकून उठायची सवय झाली होती.

मांडवात हशा पिकला. सरांना वाटलं, एकाच नावाच्या तिघी असतील. "एकशे सतरा नंबरची पारूबाई," ते म्हणाले. तिघी चालायला लागल्या. स्टेजवर चढल्या, शेठना नमस्कार केला आणि शेगडीच्या तीन बाजूंनी उभ्या राहिल्या. सरांनी मांडवात मला शोधलं. मी खुर्चीखाली जाता येतं का ते बघत होते.

दहा मिनिटांत आम्ही चौघी केबिनमध्ये होतो. शेठ खुर्चीत, सर उभे, चेहरा लालबुंद.

"खरी पारू कोण?" सरांनी विचारलं.

"मी," पारूवहिनी म्हणाली. "पण शेगडी तिघींची हाय."

"ह्या दोघी तुमच्या नावावर कामाला येत होत्या?"

"नावावर नाय. जागी."

"तो गुन्हा आहे. नियम वाचून दाखवला होता, क्लिअर?"

गुणाकाकी पुढे झाल्या. त्या कोणालाच घाबरत नाहीत, बिबट्याला एकदा त्यांनी झाडूने हाकलला आहे. "सायेब, पारूला ताप व्हता. मंग तुमची मशीन काय तशीच ठेवायची व्हती? आमच्यात असं करत नाय. सावड घेतली की घरचं माणूस पोचवायचं. मी माझं भात उन्हात टाकून इथं येत व्हते, तुमचं काम आडू नये म्हणून. आनि तुमी आमाला चोर म्हणता?"

सर माझ्याकडे वळले. "रंजिता, तुला माहीत होतं?"

"हो सर."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पारूवहिनीचं घर भट्टीवर जाऊ नये म्हणून." दुसरं काही सुचलंच नाही, आणि डोळ्यांत पाणी आलं ते वेगळंच.

शेठनी कानातलं यंत्र नीट बसवलं. ट्रेचे कागद मागवले. तारखा बघितल्या, परत आलेल्या बटणांचा रकाना बघितला, तो कोरा होता. मग ते इतके हसले की सरांनी त्यांना पाणी दिलं.

"अरे ओमकार, दुसरीकडे कामगार सुट्टीसाठी एकाच आजीला चार वेळा मारतात. इथे हिला ताप आला तर दोघी कामाला आल्या, आणि तू काढतोस यांना? मला पुढच्या महिन्यापासून जास्त माल पाहिजे. शिकलेल्या बाया तुझ्यासमोर उभ्या आहेत. पारूला पत्र दे. ह्या दोघींना कार्ड दे, वेगवेगळं." उठता उठता दारात थांबून ते म्हणाले, "आणि ते तोंड बघायचं मशीन लावून टाक. असं पुन्हा चालायचं नाही."

मला एक मेमो मिळाला. तो बाबांनी फ्रेम करायचं म्हटलं, कारण त्यावर माझं नाव टाइप केलेलं होतं.

पाड्यावर त्या दिवशी सणच झाला. एका कार्डाची तीन कार्डं झाली. पारूवहिनीचं पक्कं, रखमीवहिनी आणि काकींचं कच्चं. कच्चं म्हणजे सहा महिने एकही खाडा नको, मग पक्कं. मध्ये एक जरी दिवस न कळवता गैरहजर, की सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. शेगडी महिनाभर पारूच्या घरात, महिनाभर रखमीच्या, महिनाभर काकींच्या अशी फिरायला लागली. दिवाळीनंतर तिन्ही घरांपैकी एकही भट्टीवर जाणार नव्हतं. मीसुद्धा मनात म्हटलं, झालं ते बरंच झालं.

तोंड बघायचं यंत्र आठवड्यात लागलं. बायकांना कळावं म्हणून ओमकार सरांनी मुद्दाम त्यात मराठी बोलणारी बाई घातली. समोर उभं राहिलं, कार्ड टेकवलं आणि तोंड जुळलं की ती म्हणायची, 'धन्यवाद.' गुणाकाकी पहिले काही दिवस तिला 'ऱ्हाऊ दे गो' असं उत्तर द्यायच्या. मग वैतागून म्हणाल्या, "हिला काय दुसरा धंदा नाय. दिसला माणूस की आभार मानते."

खाचरांमध्ये मात्र त्या पावसाळ्यात वेगळंच चित्र होतं. तिघी कामावर, मग सावडीला जाणार कोण? सुनिलदादाने एकट्याने चार दिवस रोपं लावली आणि पाच दिवस कंबर शेकली. उरलेलं सुट्टीच्या दिवशी. पण सुट्टीही तिघींची वेगवेगळी, पारूची बुधवारी, रखमीची शुक्रवारी, काकींची सोमवारी. कंपनी सातही दिवस चालते ना. जिची सुट्टी ती एकटीच आपल्या बांधावर वाकलेली दिसायची. रखमीवहिनीचा नवरा तर मुंबईला एका इमारतीवर वॉचमन, तो वर्षातून दोनदा येणार. तरीही कुरकुर नव्हती. भट्टीपेक्षा हे बरं, असं सगळ्याच म्हणायच्या.

ऑक्टोबर सरत आला. रखमीवहिनीचं कार्ड पक्कं व्हायला बारा दिवस राहिले होते. तिने सुट्टीच्या शुक्रवारी आणि रोज शिफ्टनंतर अंधार पडेपर्यंत वाकून भात कापलं. कापलेलं भात वाळायला खाचरातच पसरून ठेवलं होतं. आणि मंगळवारी संध्याकाळी माहुलीच्या डोंगरामागून काळं आभाळ वर आलं. परतीचा पाऊस एकदा त्या भातावर पडला असता तर दाणा जागच्या जागी रुजला असता. वर्षाचं खाणं गेलं असतं.

सुट्टीचा अर्ज आठ दिवस आधी द्यायचा असतो. ढगांना तेवढं समजत नाही.

आंब्याखाली बैठक बसली. मीही होते. फार चर्चा झालीच नाही. पारूवहिनी म्हणाली, "उद्या माझी सुट्टी हाय. रखमे, तू भात उचल. तुझ्या जागी मी जाते." रखमीवहिनीने खुंटीवरचं आपलं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. इतकं सरळ होतं ते. पारूने भात उचलावं आणि रखमीने कामावर जावं, असं उलटं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण जिचं खाचर ती खाचरात आणि तिच्या जागी सावडीची बाई, हीच सवय. मला यंत्राची आठवण झाली, मी तोंड उघडलं, आणि तिघींच्या चेहऱ्यांवरची निश्चिंती बघून पुन्हा मिटलं. मनात म्हटलं, कोण जाणे, चुकेलही यंत्र. माणसं चुकतात, ते का नाही चुकणार?

बुधवारी सकाळी सातला पारूवहिनी रांगेत उभी राहिली. पुढे आली. मास्क खाली केला, पदर सारखा केला, रखमीचं कार्ड टेकवलं आणि यंत्राकडे बघून थोडं हसली.

यंत्रातली बाई म्हणाली, "ही व्यक्ती दुसरी आहे. पुन्हा प्रयत्न करा."

पारूवहिनीने पुन्हा प्रयत्न केला. रखमीवहिनी बोलताना मान कलती करते, तशी मान कलती केली. मागे बायका हसायला लागल्या.

"ही व्यक्ती दुसरी आहे. पुन्हा प्रयत्न करा."

"दुसरी नाय गो," पारूवहिनी यंत्राला म्हणाली. आवाज अगदी समजावणीचा. "रखमीच्या जागी आले. मी पारू. एकशे सतरा."

"ही व्यक्ती दुसरी आहे."

आता कोणी हसत नव्हतं. ओमकार सर बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आभाळाकडेही बघितलं. ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "पारूबाई, आता माझ्या हातात नाही. नोंद थेट मुंबईला जाते." त्या दिवशी त्यांनी 'क्लिअर?' विचारलं नाही.

पारूवहिनी कार्ड कनवटीला लावून परत फिरली, तडक रखमीच्या खाचराकडे. मी आत जाऊन बसले. नऊ वाजता संगणकावर रखमीवहिनीच्या नावापुढे चौकोन लुकलुकायला लागला. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी लिहिलं, गैरहजर. पाड्यातल्या माणसाच्या नावापुढे हा शब्द मी पहिल्यांदाच लिहिला. अक्षरं लाल झाली.

दुपारी शिफ्ट सुटल्यावर गुणाकाकी आणि मी एकाच जीपने वर आलो आणि थेट खाचरात उतरलो. पारूवहिनी आणि रखमीवहिनीने निम्म्याहून जास्त भारे बांधून उचलले होते. आम्हीही लागलो. वारा सुटला होता, पेंढा तोंडावर येत होता, काकी आभाळाला शिव्या देत होत्या आणि आभाळ जरा वचकूनच होतं. शेवटचा भारा खळ्यावर पडला, त्यावर ताडपत्री ओढली, आणि मगच चार थेंब आले. भात वाचलं.

खळ्याच्या कडेला आम्ही चौघी चहा प्यायला बसलो. मला ते कधीतरी सांगायलाच हवं होतं.

"रखमीवहिनी, मला गैरहजर लिहावं लागलं. सहा महिने आता पुन्हा पहिल्यापासून."

ती हसली. "बरं मंग. भट्टीवर सहा सहा महिने काढलेत, हे काय जड हाय?" बशीतला चहा फुंकत ती पारूवहिनीकडे वळली. "सकाळपास्नं इचारीन म्हणते, गडबडीत ऱ्हायलं. तू हिकडं आलीस, तं माझ्या जागी कोण बसला?"

"कोणी नाय."

"काकी बसली?"

"मी माझ्या जागी व्हते," काकी म्हणाल्या.

"मंग कोण?"

"कोणी नाय गो रखमे," पारूवहिनी म्हणाली. "मशीन बोलली, मी दुसरी."

रखमीवहिनीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"म्हंजे जागा रिकामी व्हती? दिवसभर?"

"दिवसभर," मी म्हटलं.

तिने बशी खाली ठेवली. तिच्या स्टुलावर दिवसभर कोणी नव्हतं, ट्रे पालथा पडला होता, डाव्या उजव्या बाजूच्या बायका मान खाली घालून आपापली बटणं फिरवत होत्या, हे सगळं मी येता-जाता बघितलं होतं आणि तिला सांगणार नव्हते. पण तिला ते दिसलं असावं. पावसात सगळं भात गेलं असतं तरी तिने ते एवढं मनाला लावून घेतलं नसतं.

"रिकामी," ती म्हणाली. "आनि माझ्या घरातनं कोणीच पोचलं नाय."

पारूवहिनीने कनवटीचं कार्ड काढून तिच्या मांडीवर ठेवलं. रखमीवहिनीने ते उचललं, पदराने पुसलं आणि घरी जाऊन विळ्याशेजारी न टांगता आत पेटीत ठेवलं.